चांदीच्या कानातलं नाव

अर्धं अंगण सारवून झालं होतं. उरलेलं अर्धं कोरडं, भेगाळलेलं, तसंच पडलं होतं. वारुळाची माती आणि ताजं शेण ओनालेन्नाने उजाडायच्या आधीच कालवून ठेवलं होतं, आणि आता ती गुडघ्यांवर बसून, पंजा पसरून, अर्धगोल ओढत ओढत मागे सरकत होती. शनिवारी वामेला मागणी घालायला मुलाकडची माणसं यायची होती. पुरुषांना खुर्च्या मिळतात, पण खांद्यावर शाली घेतलेल्या त्या बायका जमिनीवर पाय लांब करून बसणार, आणि बसल्या बसल्या हाताने अंगण चाचपून बघणार. मुलीच्या आईचा हात कसा आहे ते तिथेच कळतं. म्हणून ओनालेन्ना मन लावून सारवत होती, आणि तोंडाने रविवारचं भजन गुणगुणत होती.

वामे फोन हातात घेऊन दारात आली.

"आई, मामीचा फोन होता."

"कधी निघतायत म्हणाली? शुक्रवारीच या म्हणावं. तुझा मामा सकाळी उठून निघतो म्हणेल आणि दुपारी उगवेल."

"मामा येणार नाहीत."

ओनालेन्नाचा हात ओल्या शेणात तसाच थांबला. "छाती भरलीय का परत?"

"नाही. बरे आहेत. मामी म्हणाली, त्यांचा निरोप जसाच्या तसा सांग." वामेने खाली बघितलं. "म्हणाले, माझा त्या घराशी हिशेब झाला. मला माझी गाय मिळाली."

मामाशिवाय मागणी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना सांगायला नको. मुलाकडचे लोक फाटकाबाहेर उन्हात उभे राहतात, पाण्याचा घोट मागावा तशी नम्रपणे मुलगी मागतात, आणि त्यांना आत घ्यायचं की अजून थोडं तिष्ठत ठेवायचं, हे मुलीचा मामा ठरवतो. वामेचा बाप मोथुसी वारून बरीच वर्षं झाली होती. तेव्हा या घरात पहिला शब्द काढायचा तो केबोनांगनेच. ओनालेन्नाचा हा सख्खा थोरला भाऊ. आणि नुसता भाऊ तरी कसा म्हणायचा? तिच्या देजात, म्हणजे तिच्या लग्नात मुलाकडून आलेल्या गुरांवरच, त्याचं लग्न झालं होतं. लहानपणी तो तिला चिडवायचा, "ओना, तू लवकर मोठी हो गं, माझी बायको तुझ्या लग्नात अडकलीय!" आणि वहिनी घरात आल्यावर तीही हसून म्हणायची, "मी तर ओनाचीच. तिच्या गाई देऊन आणलेली."

त्या दोन घरांतला धागा पुढे आणखी घट्ट झाला तो मोथुसीमुळे. लग्नानंतर त्याने आपल्या कळपातल्या काही गाई उचलून मेहुण्याच्या मोराकावर, म्हणजे रानातल्या त्याच्या गुरांच्या वस्तीवर, नेऊन सोडल्या. माफिसा म्हणून. गाय मोथुसीची, राखण केबोनांगची. दूध राखणाऱ्याचं, नांगराला बैलही त्याचाच, आणि अधूनमधून मालकाची मर्जी झाली की एखादी कालवड त्याला. किती दिवसांसाठी, हे कोणी विचारत नाही. ठरवत तर मुळीच नाही. माफिसाला शेवट नसतो. बाप गेला तर मुलगा राखतो, मालक गेला तर त्याच्या मुलाची गुरं राखतो. त्या गुरांच्या निमित्ताने दोन्ही घरं एकमेकांकडे जातात, मिठाच्या विटा नेतात, आंबवलेलं दूध घेऊन येतात, वासरांवरून भांडतात, आणि भांडण मिटवायला परत जातात.

मोथुसी गेला तेव्हा ओनालेन्नाला आपली गुरं किती हेसुद्धा धड माहीत नव्हतं. नवऱ्याने ती डोळ्यांनी मोजलेली होती, आणि ते डोळे तो बरोबर घेऊन गेला. पण बाई हिमतीची. देवाने पुढ्यात टाकलंय ते नीट सांभाळायचं, ही तिची श्रद्धा. पशुखात्याने गुरांच्या कानात बिल्ले मारायचे ठरवले, आत चिमुकला यंत्राचा तुकडा असलेले, तेव्हा गावातले म्हातारे कुरकुरले. "कान कापून खूण केलीय ना आमच्या आज्याने, मग बिल्ला कशाला?" ओनालेन्ना मात्र पहिल्याच दिवशी गुरं घेऊन जनावर अडकवायच्या खोड्यापाशी हजर. बिल्ल्याशिवाय जनावर कत्तलखान्याच्या लॉरीत चढत नाही, हे तिला कळलं होतं. पण तिला त्यातून आणखी काही दिसलं. बिल्ला वाचणारी लांब कांडी गाईच्या कानाजवळ नेली की टिंग वाजतं, आणि फोनवर उमटतं: ही अमकी गाय, मागचं वासरू अमकं, वजन इतकं, त्याआधीचं वासरू अमकं. मोथुसीचे गेलेले डोळेच जणू कोणी कांडीत घालून परत दिले.

तिने कर्ज न काढता, बैलांची एक जोडी विकून कांडी आणि खोड्याखाली बसणारा वजनकाटा घेतला. वामेने फोनवर सगळं बसवून दिलं. मग काय विचारता! कोणती गाय वर्षाआड वासरू देते आणि कोणती नुसतंच गवत खाते, हे ओनालेन्नाला बोटावर आलं. भाकड गाई गेल्या. वळू बारमाही कळपात हिंडायचा तो बाजूला बांधला, पावसाच्या तोंडाशीच कळपात सोडायला लागली. वासरं सगळी एका सुमाराला जन्मू लागली, एका सुमाराला मोठी होऊ लागली, आणि लॉरीवाला वामेच्या आईला म्हणायला लागला, "म्मा-वामे, तुमची वासरं एका साच्यातून काढल्यासारखी." चर्चमध्ये बायका तिला बाजूला घेऊन विचारायच्या. तिला बरं वाटायचं. का वाटू नये? काम चोख होतं.

फक्त एक भोक राहिलं होतं. केबोनांगकडच्या माफिसातल्या गाई. त्यांना बिल्ले होते, नावही तिचंच होतं, पण त्या तिकडे लांब. त्यांची वासरं कधी झाली, वळू कोणाचा लागला, वजन काय, काहीच कळायचं नाही. फोनवर त्यांच्या ओळी रिकाम्या. प्रत्येक वेळी कळपाचा हिशेब मांडताना त्या रिकाम्या ओळी तिच्या डोळ्यांत खुपायच्या.

शेवटी मागच्या वर्षी, गवत वाळायच्या आधी, ती पशुखात्याच्या अधिकाऱ्याला बरोबर घेऊन भावाच्या मोराकावर गेली आणि म्हणाली, "दादा, गुरं घरी नेते. एकाच कळपात असली म्हणजे नीट बघता येतील."

केबोनांग मडक्यातलं दूध ढवळत होता. त्याने वर बघितलं. "बरं," म्हणाला.

तिला वाटलं, किती समजूतदार आहे माझा भाऊ. आणि त्याच्या समजूतदारपणाला आपण कमी पडू नये म्हणून तिने आधीच मनात ठरवून आणलेली गोष्ट केली. कळपातली सगळ्यात चांगली गाय, कपाळावर पांढरा पट्टा असलेली चांदी, तिने बाजूला काढली. अधिकाऱ्याकडून तिच्या बिल्ल्यावर कांडी फिरवून घेतली, आणि तिथल्या तिथे ओनालेन्नाचं नाव काढून केबोनांगचं घातलं. दोघांचे अंगठे झाले.

"ही तुझी दादा. माफिसा नाही. तुझी स्वतःची. इतकी वर्षं राखलंस, कोणी असं म्हणायला नको की बहिणीने रिकाम्या हाताने पाठवलं."

"बरं," केबोनांग पुन्हा म्हणाला.

वहिनी चुलीपाशी होती. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. नेहमी ओनालेन्ना निघाली की केबोनांग गाडीपर्यंत यायचा, टायरला लाथ मारून बघायचा, आणि काहीतरी टोमणा मारायचा. त्या दिवशी तो जागचा उठला नाही. हे तिच्या ध्यानात आलं ते रस्त्याला लागल्यावर. तरी तिला वाटलं, गाई जाताना बघवत नसतील बिचाऱ्याला.

आणि आता हा निरोप.

ओनालेन्नाने हात धुतले, तसेच ओल्या हातांनी गाडीची किल्ली उचलली. वामे म्हणाली, "आई, अंगण?"

"कर तू पुरं. मी येते जाऊन."

केबोनांगचा मोराका दूर आहे. वाळूत चाकं रुतत रुतत ती पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाडगं मोठं, काटेरी फांद्यांचं, आणि आत एकच गाय. चांदी. तिच्या मागे तिचं नवं वासरू. बाकी सगळी शेणाची जुनी, वाळलेली, गवत उगवलेली जागा. एवढं रिकामं वाडगं ओनालेन्नाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

केबोनांग झाडाखाली चामडं मऊ करत बसला होता.

"आलीस?" तो म्हणाला. "गाय परत न्यायला आलीस काय?"

"दादा, चेष्टा पुरे. शनिवारी पोरीची मागणी आहे."

"असेल. मला कोण विचारतंय?"

"तुला नाही तर कोणाला? तू तिचा मामा."

"मी?" त्याने चामडं खाली ठेवलं. "मी तर गडी होतो तुझा. गड्याला काढताना काय करतात? हातावर काहीतरी ठेवतात. तू गाय ठेवलीस. चांगली ठेवलीस, हो, खोटं कशाला बोलू. तुझ्याएवढी गाय कोणी गड्याला देत नाही."

ओनालेन्नाला बसायला जागा दिसेना. ती उभीच राहिली. "देवाशपथ दादा, माझ्या मनात तसं काही नव्हतं. मला वाटलं, तुझं काहीतरी तुझ्या नावावर असावं."

"माझ्या नावावर कशाला? तुझ्या नावाची गुरं माझ्या वाडग्यात होती, तोवर तू यायचीस. मीठ आणायचीस. येऊन माझ्यावर ओरडायचीस, अमकं वासरू तरसाने कसं नेलं म्हणून. त्या वेळी मी म्हणायचो, ही बया गेली की बरं. आता वर्ष झालं. किती वेळा आलीस?"

ती एकदाही आली नव्हती. यायचं कारणच उरलं नव्हतं.

वहिनीने ज्वारीच्या आंबिलाचं भांडं आणून तिच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "घे. रिकाम्या पोटी भांडू नका."

केबोनांगने चामडं पुन्हा उचललं आणि वासराकडे बघितलं. मग म्हणाला, "तुझ्या त्या कांडीने नाव बदलता येतं ना?"

"येतं. पण आता नियम कडक झालाय. दोघांनी कचेरीत जावं लागतं."

"मग मला उद्या सेरोवेच्या कचेरीत घेऊन चल. त्या गाईच्या कानातून माझं नाव काढ आणि तुझं घाल. मग तिला इथेच ठेव. असू दे माफिसा. नाव घातलं की शनिवारी मी तुझ्या अंगणात पहिला असेन. त्या पोराच्या काकांना असं उन्हात उभं करीन की देज वाढवून देतील."

वहिनी हसली. ओनालेन्नाही हसली, आणि हसता हसताच तिच्या डोक्यात उद्याचा दिवस उभा राहिला. उद्या वासरांचं वजन होतं. लॉरी येणार होती. वासरं आईपासून वेगळी करून काल रात्रीपासून वाडग्यात कोंडलेली, खोड्यापाशी दोन माणसं बोलावलेली, आणि कांडी हातात धरणारी ती एकटी. वजन चुकलं तर वर्षाच्या सगळ्या नोंदी चुकणार. लॉरी गेली तर परत कधी येईल सांगता येत नाही.

"दादा, उद्या नाही जमत रे. वासरं उद्या जायचीयत. मागणी होऊ दे, मग लगेच जाऊ. कचेरी कुठे पळून जातेय? तू शनिवारी ये तर खरा."

"बरं," केबोनांग म्हणाला.

तोच तो बरं. तिला तो तेव्हाही ऐकू आला, पण कोणता भाऊ बहिणीच्या पोरीच्या मागणीला यायचा राहतो, असं तिने स्वतःला समजावलं. वाटभर ती तेच घोकत आली. घरी आली तेव्हा वामेने उरलेलं अंगण सारवून टाकलं होतं. दोन हात मधोमध जिथे भेटले, तिथे अर्धगोल एकमेकांत बसले नव्हते. ओनालेन्नाने ते बघितलं, पण परत ओलं करून जुळवायला ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वासरांची वजनं झाली. टिंग, टिंग, टिंग. एवढी भरलेली वासरं आजवर तिच्या कळपात कधी निघाली नव्हती. लॉरीवाल्याने शीळ घातली.

शनिवारी मुलाकडची माणसं फाटकाबाहेर उभी राहिली. अंगणातली मधली, मामाची खुर्ची रिकामी होती. ओनालेन्नाने ती भरू दिली नव्हती. ऊन चढलं. बाहेरच्या बायकांनी शाली डोक्यावर घेतल्या. मुलाचा एक काका थोडा मिश्किलपणे म्हणाला, "मामांना आम्ही पसंत नाही वाटतं. उभं राहून राहून आमची झाडं झाली." आतले लोक हसले. शेवटी ओनालेन्नाचा चुलतभाऊ उठून त्या खुर्चीवर बसला आणि त्याने त्यांना आत घेतलं. सगळं रीतसर झालं. कोणी वावगं बोललं नाही. पण वामे कोपऱ्यात बसल्या बसल्या सारखी रस्त्याकडे बघत होती, आणि तिची आई वामेकडे बघायचं टाळत होती.

मग ओनालेन्नाच्या मनात आलं, आता दादाकडे जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ. पण आधी चेहरा दाखवायची लाज, आणि लाज जिरेपर्यंत गाई व्यायला लागल्या. कोणत्या गाईला काय झालं, त्याच्या ओळी भरायच्या होत्या. त्या भरत राहिल्या. हिवाळा आला. केबोनांगच्या छातीत पाणी झालं, आणि निरोप यायच्या आतच तो गेला. ओनालेन्ना पोचली ती त्याचे पाय झाकलेले बघायला.

मयताच्या घरी गाय कापावी लागते, आल्यागेल्याला जेवण घालायला. केबोनांगच्या नावावर होती ती एकच, चांदी. पुरुष दोरखंड घेऊन वाडग्याकडे निघाले, तेव्हा वहिनी शोकाच्या घोंगडीतून उठून आली. नवऱ्यासाठी रडणाऱ्या बाईने असं उठायचं नसतं.

"ती नाही," ती म्हणाली. "ती ओनाची आहे. आम्ही फक्त राखतो."

"पण वहिनी, कानात नाव तर—" त्यांच्यातला एकजण म्हणाला.

"कानात काय आहे ते मला माहीत नाही. घरातला माणूस जे म्हणायचा ते मी सांगते. तो शेवटपर्यंत म्हणायचा, ओना येईल, नाव घालील."

पुरुषांनी दोरखंड खाली ठेवले. ओनालेन्नाने तिथल्या तिथे फोन केला आणि आपल्या कळपातला बैल मागवला. चांगला, भरलेला. तो येईपर्यंत ती वाडग्याच्या काट्यांना धरून उभी होती. चांदी रवंथ करत तिच्याकडे बघत होती. कानातला पिवळा बिल्ला हलत होता.

तेव्हापासून गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनेत ओनालेन्ना डोळे मिटून बरंच काही मागते. देवाकडे क्षमा मागणं तसं सोपं. तो समोर बसून 'बरं' म्हणत नाही.

तिचा कळप आजही गावात पहिला आहे. मागच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या बायका कांडी कशी चालवायची ते शिकायला आल्या होत्या. तिने सगळं मनापासून शिकवलं: वळू कधी सोडायचा, हलकी वासरं देणारी गाय कशी ओळखायची. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "आणि माफिसाला दिलेल्या गाई? त्या तर नजरेआड राहतात. त्यांच्या ओळी भरायच्या कशा?"

"रिकाम्या ठेव," ओनालेन्ना म्हणाली.

"मग हिशेब चुकेल ना?"

"चुकू दे बाई. तुझा भाऊ असेल ना राखणारा? मग तूच जाऊन बघून ये. मीठ घेऊन जा."

काल ती मिठाची वीट घेऊन वहिनीकडे गेली. दोघी चुलीपाशी बसल्या. वहिनी म्हणाली, "मी येते कचेरीत. वारस म्हणून अंगठा माझाच लागेल. पण तिथला तो टायवाला पोरगा काय म्हणेल ठाऊक आहे? म्हणेल, बाई, विधवेची एकुलती एक गाय लाटायला निघालात, लाज नाही वाटत?"

"म्हणू दे."

"आणि तू काय सांगशील त्याला?"

ओनालेन्नाने चुलीत एक काटकी सरकवली. "काही नाही," ती म्हणाली. "सांगायचं ज्याला होतं, त्याला सांगायचं राहिलं."

वहिनीने तिच्यापुढे दुधाचं भांडं सरकवलं. चांदीचंच दूध. ओनालेन्ना ते प्यायली, आणि थोडं शिल्लक ठेवून तिने परत दिलं, राखणाऱ्याच्या घरी मालकाने ठेवायचं असतं तसं.

आज सकाळी तिने वासरांना पाणी पाजलं, कांडी चार्जिंगला लावली आणि तिथेच ठेवली. आता वहिनीला गाडीत घेऊन तिला सेरोवेला जायचं आहे, जनावरांच्या कचेरीत, चांदी परत आपल्या नावावर करून घ्यायला.